सोमवारी बरे, शुक्रवारी दमलेले : दम्याच्या प्रयोगशाळेतलं एक प्रकरण

मध्य मुंबईत, परळ-लालबागच्या पट्ट्यात, दम्याच्या मुळाशी जाऊन संशोधन करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या प्राणिगृहात उंदरांची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला तेच काम करता करता दमा झाला. तो कामामुळे झाला आहे हे लक्षात यायला जवळजवळ वर्ष गेलं. इतका वेळ का लागला आणि लक्षात आल्यावर काय केलं, एवढाच या लेखाचा विषय आहे. संस्थेचं नाव दिलेलं नाही, माणसांचीही नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांनी मजकूर वाचला आणि "नाव नको, पण लिहा" असं सांगितलं. लॅबमध्ये त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून इथंही मामाच.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या आजारांची डॉक्टर म्हणून मला या प्रकरणाच्या चौकशीला बोलावलं होतं. त्यामुळे मी लॅबच्या आतली नाही. पण त्या काळात तिथल्या सगळ्यांशी, अगदी ठेकेदाराच्या मुकादमाशीही, बसून बोलता आलं.

लॅब आणि तिथली माणसं

प्रमुख शास्त्रज्ञ म्हणजे मॅडम. त्यांच्या हाताखाली पीएचडीनंतर संशोधन करणारे दोन पोस्टडॉक, चार-पाच पीएचडीचे विद्यार्थी, दोन जेआरएफ म्हणजे शिष्यवृत्तीवरचे कनिष्ठ संशोधक, एक तंत्रज्ञ. काचसामान धुणाऱ्या आणि ते वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह लावणाऱ्या मावशी. प्राणिगृहात मामा, आणि त्यांच्या जोडीला एक तरुण मदतनीस, जो सहा-आठ महिन्यांत बदलतो. मामा, मावशी आणि हा मदतनीस ठेकेदाराच्या पटावर. बाकीचे संस्थेच्या नाहीतर प्रकल्पाच्या.

दम्यात श्वासनलिका आवळते हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिच्या अस्तराला सूज येते, चिकट कफ वाढतो, नलिकेभोवतीचा स्नायू जाड होतो आणि जराशा कारणाने आकसतो. या सगळ्यामागे रोगप्रतिकारशक्तीची एक साखळी असते. आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ हे निरोप पोचवणारे रेणू, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, आयजीई ही प्रतिपिंडं. या साखळीतली एकेक कडी पकडून अलीकडची औषधं निघाली. आयजीईला धरणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालं, आयएल-५ ला अडवणारं मेपोलिझुमॅब २०१५ मध्ये. मॅडमची लॅब त्याच्याही आधीची पायरी पाहते : बाहेरून काही त्रासदायक आलं की अस्तराच्या पेशी पहिली हाक कशी देतात.

एक विद्यार्थिनी माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवते, खालून पोषणद्रव्य आणि वरून हवा. तीन-चार आठवडे नीट सांभाळल्या तर त्या पेशी कफ तयार करू लागतात, त्यांच्यावरचे सूक्ष्म केस लयीत हलू लागतात. मात्र दर एक-दोन दिवसांनी ते पोषणद्रव्य, म्हणजे मीडिया, बदलावाच लागतो. रविवार असो, दिवाळी असो, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असो. ती बदलापूरहून येते. अशी कल्चर बुरशी लागून गेली की महिना गेला. त्या दिवशी लॅबमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही.

दुसरं काम उंदरांवर चालतं. उंदराला आपणहून दमा होत नाही, तो घडवावा लागतो. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हॅल्ब्युमिन हे प्रथिन अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडसोबत पोटात टोचतात, काही दिवसांनी पुन्हा टोचतात. मग तेच प्रथिन तुषार करून हुंगायला देतात. काही प्रयोगांत त्याऐवजी घरातल्या धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांचा अर्क नाकात घालतात. मग फुप्फुस धुऊन त्या पाण्यातले इओसिनोफिल मोजायचे. निरोगी उंदरात ते जवळपास नसतात आणि अशा उंदरात पेशींचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

हे सगळं मामांवर उभं असतं. पिंजरे बदलणं, बेडिंग म्हणजे उंदरांखाली अंथरायचा भुसा टाकणं, पाणी, खाद्य, खोलीचं तापमान, बारा तास उजेड आणि बारा तास काळोख. काळोखाच्या वेळी कुणी चुकून दिवा लावला तर प्रयोगावर परिणाम होतो, म्हणून स्विचवर मामांच्या हातची चिठ्ठी असते. पावसात जवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरलं की विद्यार्थी फोन करतात, "मामा, आज जमणार नाही." मामा मात्र ठाण्यापलीकडच्या दिवा गावाहून निघालेले असतात, कारण उंदरांच्या खाण्या-पाण्याला सुट्टी नाही. शोधनिबंध छापून येतो तेव्हा त्यात त्यांचं नाव नसतं. आभाराच्या ओळीत "प्राणिगृहातील कर्मचारी" एवढंच येतं. मला हे खुपतं. पुढचं प्रकरण याच्याशी थेट जोडलेलं आहे.

नाकापासून सुरुवात

मामांचं वय पंचेचाळीसच्या आसपास. बरीच वर्षं ते त्याच संस्थेत स्टोअर आणि निर्जंतुकीकरण विभागात होते. प्राणिगृहातले जुने कर्मचारी निवृत्त झाले तेव्हा यांना तिकडे पाठवलं. पहिलं वर्ष छान गेलं. त्यानंतर पिंजरे बदलण्याच्या दिवशी शिंका येऊ लागल्या, डोळे चुरचुरू लागले. हातमोजा संपतो तिथं मनगटावर गांधी उठायच्या आणि तासा-दोन तासांत जायच्या. पुढे रात्री खोकला. मग छातीत घट्टपणा, शिट्टीसारखा आवाज, आणि जिना चढताना मध्ये थांबणं.

यात वेगळं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. मुंबईत खोकला कुणाला नाही? आजूबाजूला जुन्या चाळी पाडून टॉवर उठताहेत, सिमेंटची धूळ खिडकीच्या चौकटीवर दिसते, पावसाळ्यात भिंतींना बुरशी, हिवाळ्यात शहरावर धुरकं. इतकी कारणं समोर असताना आणखी एक कुणी शोधत नाही. मामांनी मेडिकलवरून अ‍ॅलर्जीवरचं सेटिरिझिन घेतलं. शिंका थांबल्या, खोकला नाही. मग दिव्यातल्या डॉक्टरांनी पंप दिला, तो निळा, साल्ब्युटामॉलचा.

साल्ब्युटामॉल १९६९ पासून वापरात आहे आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. ते श्वासनलिकेचा आवळलेला स्नायू सैल करतं, आणि तो परिणाम चार ते सहा तास टिकतो. अस्तराच्या सुजेला ते हात लावत नाही. सूज कमी करतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की दम्याच्या रुग्णाला नुसता हा आराम देणारा पंप देऊन सोडू नये. मामांना दुसरा पंपही लिहून दिला होता. पण "स्टेरॉइड" हा शब्द आणि "पंप लागला की सुटत नाही" हे शेजाऱ्यांचं म्हणणं, दोन्ही मिळून तो पंप कपाटात राहिला. निळा मात्र गाऊनखाली पँटच्या खिशात. तो ते बाथरूममध्ये जाऊन घ्यायचे.

लपवण्याचं कारण साधं होतं. ठेकेदाराकडे आजारी माणसाची जागा दुसऱ्या दिवशी भरते. घरी मुलगी नववीत. शिवाय लॅब दम्याची. "इथं दम्याचा माणूस म्हणून माझ्याकडे बघायला लागले असते," असं ते मला म्हणाले. त्या लॅबमध्ये दम्याबद्दल सगळ्यांत कमी बोलणारा माणूस तोच होता ज्याला दमा होता.

सोमवारचं गणित

या प्रकरणातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आता सांगते. हा त्रास कामामुळे असेल का, असा प्रश्न मामांनी स्वतःला विचारला होता. त्याचं उत्तर त्यांनी विचारपूर्वक, पुराव्यानिशी "नाही" असं काढलं होतं.

त्यांचे वडील गिरणीत, कार्डिंग खात्यात. कापूस पिंजला जातो तिथं हवेत बारीक धूळ असते आणि त्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. या आजाराची खूण ठरलेली आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत त्रास उतरतो. सुरुवातीच्या काळात तो सोमवारचाच आजार असतो. वर्षं गेली की रोजचा होतो. गिरणगावातल्या घरांत हे पुस्तकात न वाचता ठाऊक होतं. मामा लहान असताना आई सोमवारी संध्याकाळी पाण्याची वाफ तयार ठेवायची. १९८२ च्या संपानंतर गिरणीही गेली आणि वडिलांची छाती कधी पूर्ण बरी झाली नाही.

मामांचा हिशोब असा होता : कामाचा दम सोमवारी लागतो. मला सोमवारी काहीच नसतं, उलट सोमवारी मी सगळ्यांत बरा असतो. शुक्रवारी दम लागतो, कारण आठवडाभराची दगदग. म्हणजे हे कामाचं नाही, वयाचं आहे.

हा हिशोब चुकीचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. त्यांच्या हाती असलेल्या माहितीवर तो बरोबर होता. अ‍ॅलर्जीने होणारा व्यावसायिक, म्हणजे कामामुळे जडणारा, दमा मात्र उलट्या दिशेने चालतो. रोज थोडा संपर्क, रोज थोडी सूज, आणि ती साचत जाते. आठवड्याच्या शेवटी त्रास सर्वाधिक, दोन दिवसांच्या सुट्टीत थोडा उतार, मोठ्या रजेत खरा उतार. पुष्कळदा तो कामाच्या तासांतही जाणवत नाही, संध्याकाळी लोकलमध्ये किंवा रात्री अंथरुणात सुरू होतो. म्हणून माणूस त्याचा संबंध गाडीतल्या गर्दीशी किंवा घरातल्या ओलीशी जोडतो. हा फरक लॅबमधल्या निम्म्या लोकांना माहीत होता. वडिलांच्या सोमवारची गोष्ट फक्त मामांना. या दोन गोष्टी एका टेबलावर आल्या असत्या तर वर्ष वाचलं असतं.

दोन सुट्ट्या

पहिली खूण मावशींनी पकडली. काचसामानाची खोली जिन्याशेजारी आहे. कोण कसा वर येतो हे त्यांना पावलांवरून कळतं. त्या जेआरएफ मुलीला म्हणाल्या, "ताई, मामा सोमवारी एका दमात वर येतात. गुरुवार-शुक्रवारी दोनदा थांबतात. विचारा ना जरा, मला सांगत नाहीत."

ती मुलगी इओसिनोफिल मोजण्याच्या कामात होती. तिने मामांना चहाच्या वेळी गाठलं आणि नेमके दोन प्रश्न विचारले. हेच दोन प्रश्न आम्ही डॉक्टर व्यावसायिक दम्याच्या संशयात आधी विचारतो : सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? मोठ्या रजेत बरं वाटतं का?

"गणपतीत गावी गेलो की एकदम मोकळं," मामा म्हणाले. त्यांचं गाव रत्नागिरीकडे. पण याने काही सिद्ध होत नाही. कोकणात गेल्यावर कुणाला मोकळं वाटत नाही? गावची हवा, विश्रांती, घरचं जेवण. इथं बहुतेकांचा शोध थांबला असता.

ती थांबली नाही. तिने विचारलं, "मामा, मुंबईत राहून कधी मोठी रजा झाली का?" झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये स्टेशनच्या जिन्यावरून पडून पायाला प्लॅस्टर लागलं होतं आणि ते तीन आठवडे दिव्याच्या घरीच होते. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू, दिवसभर खडीचे ट्रक, खिडकी बंद करावी तर उकाडा. त्या तीन आठवड्यांत निळा पंप किती वेळा घेतला? मामा बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "घेतलाच नाही बहुतेक."

त्या एका वाक्याने मुंबईची हवा संशयितांच्या यादीत खाली गेली. पूर्ण बाहेर नाही, कारण प्रदूषणाने आधीच सुजलेली श्वासनलिका आणखी चिडते. पण मुख्य कारण लॅबच्या इमारतीत होतं.

त्याच संध्याकाळी तिने मामांना उंदराच्या फुप्फुसाची एक स्लाइड दाखवली. इतके दिवस ज्यांच्या हातून हे उंदीर गेले त्यांना आतलं काय दिसतं हे कुणी दाखवलं नव्हतं. दोनदा टोचायचं, मग हुंगवायचं, हा क्रम तिने सांगितला. पहिल्या भेटीत शरीर ते प्रथिन फक्त ओळखायला शिकतं, आयजीई तयार करतं; त्रास नंतरच्या भेटीत होतो. मामा म्हणाले, "म्हणजे मला पहिलं वर्ष काही झालं नाही, ते त्याचंच का?" हो, त्याचंच. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची अ‍ॅलर्जी बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उभी राहते, आधी नाक-डोळे, मग छाती. सुरुवातीचा निरोगी काळ हीच तिची सगळ्यांत फसवी बाजू आहे.

निदान

जवळच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या छातीविकार विभागात तपासण्या झाल्या. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून श्वासाची क्षमता मोजायच्या तपासणीत, अडथळा दिसला आणि औषधानंतर एका सेकंदात बाहेर टाकलेली हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर या दोन्ही मर्यादांच्या वर सुधारली. म्हणजे दमा. पण कशाचा, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी फुंकरीचा वेग मोजणारं पीक फ्लो मीटर दिलं. दिवसातून चार वेळा फुंकायचं, कामाच्या आठवड्यांत आणि मधल्या रजेतही. मामांच्या मुलीने वहीत रकाने आखून दिले आणि बापाला एकही नोंद चुकवू दिली नाही. त्या वहीतला आलेख मी पाहिला आहे. सोमवारी सकाळी मिनिटाला ४१० लिटरच्या आसपास, शुक्रवारी रात्री ३०० पर्यंत खाली. रजेच्या आठवड्यात ४३० वर स्थिर. शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्वचेवरच्या चाचणीत धुळीतल्या माइटला थोडी प्रतिक्रिया आली, झुरळाला थोडी, आणि उंदराच्या अर्काला सगळ्यांत मोठी गांधी. नुसत्या त्वचाचाचणीवर निदान करता येत नाही. अनेकांना गांधी उठते पण दमा नसतो. वही आणि गांधी दोन्ही मिळून निदान पक्कं झालं.

दोषी प्रथिनाचं नाव मस एम १. ते उंदराच्या यकृतात तयार होतं आणि लघवीतून बाहेर पडतं. नरांमध्ये मादीपेक्षा कितीतरी जास्त. लघवी बेडिंगवर वाळते, बेडिंग हलवलं की धुळीबरोबर ते हवेत जातं आणि बारीक कणांवर बसून बराच वेळ तरंगत राहतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांबरोबर काम करणाऱ्यांपैकी पाचातल्या एकाच्या आसपास लोकांना कधी ना कधी अशी अ‍ॅलर्जी होते, असं अनेक देशांतल्या पाहण्या सांगतात. ब्रिटनने १९८२ मध्येच या दम्याला नुकसानभरपाईच्या व्यावसायिक आजारांत घेतलं. म्हणजे हे ज्ञान नवीन नाही. परळच्या एका तिसऱ्या मजल्यावर ते सर्वांत आधी पोचायला हवं होतं.

हवा कुठून कुठे

प्राणिगृह पाहायला गेले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती तिथली शिस्त. तापमान, आर्द्रता, ताशी हवा किती वेळा बदलते याच्या नोंदी चोख. प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या केंद्रीय समितीचे नियम आहेत, संस्थेची नैतिकता समिती आहे, प्रत्येक प्रयोगाच्या परवानगीसाठी बी फॉर्म भरावा लागतो. उंदरांची काळजी खरोखर मनापासून घेतली जात होती.

पण ती सगळी रचना उंदरांना माणसांपासून वाचवण्यासाठी होती. बाहेरचे जंतू आत येऊ नयेत म्हणून उंदरांच्या खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवलेला. दार उघडलं की आतली हवा मार्गिकेत येणार. पिंजऱ्यांचे रॅकही त्याच पद्धतीने चालवलेले, आतून बाहेर. उंदरांच्या दृष्टीने हे योग्य. मार्गिकेत उभ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रथिनं मिसळलेली हवा दिवसभर त्याच्याकडे ढकलली जाते.

आणि मळके पिंजरे रिकामे होत ते धुण्याच्या जागेत. ती जागा नकाशावर "प्राण्यांची खोली" नव्हतीच, त्यामुळे तिथं हवा ओढून घेणारं काही नव्हतं. एक छोटी खिडकी, तीही कबुतरांमुळे जाळी लावून बंद. मक्याच्या कणसाच्या भुशाचं वापरलेलं बेडिंग मामा तिथं खरवडून मोठ्या पिशवीत टाकत. तोंडावर साधा सर्जिकल मास्क, जो एवढे बारीक कण अडवत नाही. कडेने हवा आत येते. विद्यार्थी आत जाऊन दहा मिनिटांत उंदीर घेऊन बाहेर पडत. मामा तिथं तासन् तास.

यानंतर लॅबने जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. त्यांनी आपलंच कौशल्य या कामाला लावलं. हवा ओढणारे छोटे पंप गाळणीसह वेगवेगळ्या जागी ठेवले, एक तरुण मदतनिसाच्या कॉलरला लावला, आणि गाळणीवरचं मस एम १ एलायझा या प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजणाऱ्या पद्धतीने मोजलं. सर्वाधिक धुण्याच्या जागेत, पिंजरे रिकामे करताना. त्याखालोखाल मार्गिकेत. बंद पिंजरे नुसते ठेवलेल्या खोलीत सर्वांत कमी. सुरक्षेच्या सगळ्या पाट्या मात्र त्या खोलीच्या दारावर होत्या.

माणूस बदलायचा की काम

बैठक सोपी नव्हती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "उद्याच दुसरा पाठवतो." प्रशासनालाही ते बरं वाटलं. मी विरोध केला. मामांना तिथून हलवणं आवश्यक होतं, याबद्दल दुमत नाही. अशा दम्यात संपर्क जितक्या लवकर तुटेल तितकी सुधारण्याची आशा जास्त. पण धुण्याची जागा तशीच ठेवून तिथं नवा मुलगा उभा केला तर दोन वर्षांनी त्याचीही वही भरावी लागेल. तोपर्यंत तो नोकरी सोडून गेलेला असेल आणि त्याचा दमा कुणाच्याच नोंदीत येणार नाही. मदतनीस सहा-आठ महिन्यांत का बदलतात, हा प्रश्न मी तिथंच विचारला. कुणी उत्तर दिलं नाही. नंतर मुकादमाने सांगितलं की त्यांच्यापैकी एकाने "तिथं सर्दी जात नाही" म्हणून काम सोडलं होतं.

खरी अडचण एका पोस्टडॉकने मांडली आणि ती मांडायलाच हवी होती. हवेचा दाब उलटा केला तर बाहेरचा संसर्ग आत येऊ शकतो. उंदरांना संसर्ग झाला तर दोन विद्यार्थ्यांची पीएचडी आणि कित्येक उंदरांचा जीव वाया. या भीतीला स्वार्थ म्हणणं अन्यायाचं होईल. त्यावर बराच खल झाला. शेवटी तोडगा असा निघाला की खोलीचा दाब तसाच ठेवायचा, पण खोली आणि मार्गिका यांच्यामध्ये एक छोटी मधली खोली करायची, जिथून दोन्हीकडची हवा ओढून गाळून बाहेर सोडली जाईल. रॅकची निघणारी हवा खोलीत न सोडता नळीने थेट बाहेर. आणि धुण्याच्या जागेत हवा आत ओढणारं टेबल, ज्यावर पिंजरा रिकामा केला की धूळ माणसाच्या तोंडाकडे न येता जाळीतून खाली जाते.

पैशांचा प्रश्न आलाच. प्रकल्पाच्या किरकोळ खर्चातून उपकरण घेता येत नाही, संस्थेच्या निधीला तीन सह्या लागतात. टेबल येईपर्यंतचे महिने तात्पुरत्या उपायांवर काढले. बेडिंग आधी पाणी फवारून ओलं करायचं. एन-९५ मास्क, तोही चेहऱ्यावर नीट बसतो का हे तपासून, दाढी असेल तर वेगळी सोय. कामाचे कपडे तिथंच धुवायचे, कारण कपड्यांवरून ही प्रथिनं घरापर्यंत जातात. मॅडमनी आणखी एक गोष्ट केली : महिन्यातून एकदा पिंजरे रिकामे करण्याचं काम विद्यार्थी आणि पोस्टडॉकनीही करायचं, संपूर्ण संरक्षण घालून. काहींना ते आवडलं नाही. माझ्या मते तो सगळ्यांत चांगला निर्णय होता. मास्क घालून मे महिन्यात तासभर ते काम केल्यावर टेबलाच्या फाइलवरच्या सह्या लवकर झाल्या.

टेबल बसल्यावर पुन्हा मोजलं. धुण्याच्या जागेतलं प्रमाण खूप खाली आलं. मार्गिकेतलं कमी झालं, पण अपेक्षेइतकं नाही, कारण दार उघडं ठेवून ट्रॉली नेण्याची सवय जात नव्हती. दाराला आपोआप बंद होणारी कडी लावली.

मामांचं पुढे काय

मामा आता ऊतक विभागात आहेत. ऊतकं बसवलेले मेणाचे ठोकळे मायक्रोटोम या पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर कापायला शिकले, हात स्थिर आहे, काप चांगले येतात. सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि नलिका सैल करणारं औषध एकत्र असलेला बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप नियमित घेतात, कपाटात ठेवत नाहीत. रात्रीचा खोकला गेला. दमा पूर्ण गेलेला नाही आणि तो जाईलच असं मी त्यांना सांगितलेलं नाही. संपर्क तुटल्यावरही अनेकांना थोडाफार त्रास राहतो. प्राणिगृहाच्या मार्गिकेवरून गेलं तरी नाक वाहतं, म्हणून त्यांनी मागच्या जिन्याने यायचं ठरलं आहे.

नुकसान झालंच. प्राणिगृहात रविवारच्या हजेरीचे जादा पैसे मिळत, ऊतक विभागाला रविवार नाही. ही तूट संस्थेने वर्षभर भरून द्यावी असं मी अहवालात लिहिलं. सहा महिन्यांची मंजूर झाली.

कामाच्या ठिकाणच्या घटकांमुळे होणारा दमा हा भारतीय कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. मामांचा पगार २१,००० रुपयांच्या आत असल्याने ते कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. त्यामुळे दावा करता येत होता. अडचण पुराव्याची आली. ठेकेदाराच्या कागदांवर त्यांचं पद "हाउसकीपिंग". उंदरांशी त्यांचा संबंध असल्याची एकही ओळ नाही. तेव्हा तंत्रज्ञाला पिंजरे बदलल्याचं रजिस्टर आठवलं. ते उंदरांसाठी ठेवलेलं असतं : कुठला रॅक, कुठल्या तारखेला, कोणी बदलला. दर आठवड्याला, पानापानावर मामांची सही. मॅडमनी त्याच्या साक्षांकित प्रती आणि स्वतःचं पत्र जोडलं. दावा सध्या वैद्यकीय मंडळापुढे आहे.

प्राणिगृहात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाची, मग तो कोणाच्याही पटावर असो, आता रुजू होताना आणि पुढे दरवर्षी तपासणी होते : प्रश्नावली, स्पायरोमेट्री, गरज वाटली तर त्वचाचाचणी. पहिल्या फेरीत दोन विद्यार्थ्यांनी सांगितलं की पिंजऱ्यांजवळ गेलं की त्यांना शिंका येतात. दोघांनीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. प्रबंध अर्ध्यात थांबेल अशी त्यांना भीती होती. एकाचं काम पेशींच्या कल्चरवर वळवलं आहे, दुसरी पूर्ण संरक्षण घालून काम करते आणि दर तीन महिन्यांनी फुंकायला येते. प्रश्नावलीत "मोठ्या रजेत बरं वाटतं का?" याच्या खाली एक ओळ मावशींच्या सांगण्यावरून वाढवली : "ती रजा मुंबईत काढली की गावी?"